समुद्र धरायचा की नाही

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (बाबा सोडून, ते पुढे येईलच).

औषधवाले काका गेल्याचं फोनवर तुला सांगितलं, पण बाबांविषयी बोलता आलं नाही, कारण ते शेजारीच बसले होते. काकांच्या औषधांच्या दुकानात रोज संध्याकाळी या दोघांचं काय चालायचं, ते तुला ठाऊकच आहे. जन्मभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे रोमचं साम्राज्य बाबांना स्वतःच्या नावावर असल्यासारखं वाटतं. काका जुन्या इराणच्या बाजूचे. कुणाचा मुलूख मोठा, एवढाच प्रश्न; पण त्यापायी गिऱ्हाइकं ताटकळत आणि (प्रकृती चांगली असली तर) औषधाविनाच बरी होऊन परत जात. घोडं अडायचं ते भूमध्य समुद्रापाशी. बाबा म्हणत, चारही बाजूंना रोम, मग मधलं पाणी दुसऱ्या कुणाचं? काका म्हणत, "मासे कर भरत होते का, मास्तर?" एकाच मापाचे दोन नकाशे पुठ्ठ्यावर चिकटवावेत, कापावेत आणि सरळ तोलावेत, असं मी एकदा सुचवलं, तर दोघंही माझ्यावर उखडले. "निकाल लागला तर संध्याकाळी करायचं काय?" इति काका.

काका गेले तेव्हा बाबा रडले नाहीत. नंतर मात्र रोज संध्याकाळी चपला घालायचे, दारापर्यंत जायचे आणि परत येऊन चपला काढायचे. मग गेल्या आठवड्यात त्यांनी मला दोन्ही नकाशांच्या झेरॉक्स आणायला लावल्या, पुठ्ठ्यावर चिकटवल्या (डिंक माझ्या नव्या शर्टालाही पुरला) आणि स्वतः कापायला बसले. हल्ली हात थरथरतो त्यांचा. इटलीचा बूट त्यातच जरा झिजला.

दुकान आता काकांचा मुलगा बघतो. पुड्या तोलायचा जुना तराजू त्याने निमूटपणे काढून दिला. एका पारड्यात इराण, दुसऱ्यात समुद्रासकट रोम. रोमचं पारडं धाडकन खाली! मी म्हटलं, "बाबा, जिंकलात." त्यांनी रोम उचलला, कात्री मागितली आणि समुद्र कापायला घेतला.

"अहो, हे काय करताय?"

"समुद्र धरलेला त्याला चालला नसता."

(पाण्याबरोबर सगळी बेटंही गेली, पण तेव्हा तोंड उघडायची माझी छाती नव्हती.) पुन्हा तोललं. इराण खाली गेला. खोकल्याच्या गोळ्यांसाठी थांबलेल्या बाईंनी विचारलं, "कोण जिंकलं?" आणि बाबा हसून काकांच्या मुलाला म्हणाले, "तुझ्या बाबांना सांग, समुद्र मी आपणहून..." तिथेच थांबले. मुलगा काउंटर पुसायला लागला. समुद्र खाली पडला होता, तो उचलायला बाबा वाकले आणि बराच वेळ तसेच वाकलेले राहिले, ताई. मी पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं, पाठ हलत होती.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. आता जेवताना बाबा माझ्याशी वाद उकरून काढतात. मी त्यांना दुखवायला नको म्हणून प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो. काल ताट सरकवून म्हणाले, "तुझ्याशी बोलण्यात काही राम नाही." तू जन्मात कधी त्यांचं म्हणणं मान्य केलेलं नाहीस. चार दिवस येऊन जा.

पुन्हा ता. क. भाऊजींना आणू नकोस. ते फार समजूतदार आहेत.