मोठ्या पडद्यावर वीणा

१२ नोव्हेंबर २००६, शिरोडा
कुडाळचे डोळ्यांचे डॉ. म्हणाले, साखरेने सुमतीच्या डोळ्यांचा पडदा गेलाय. उरली नजर थोडे महिने. घरी येऊन म्हणाली, "वीणाच्या लग्नाची कॅसेट बघूची आसा. तिचा तोंड एकदा दिसाक व्हया." आमचा टीव्ही चौदा इंची, काळा-पांढरा. आमची लेक जाऊन दीड वर्ष. कॅसेट कपाटातच.

१९ नोव्हें.
म्हापशाला गेलो. सांतानचा बार बंद होतोय, त्याचा जुना प्रोजेक्शन टीव्ही विकायचाय. कपाटाएवढा. सरळ माणूस. "मास्तर, समोर बसून पळयात, कुशीन काळोख दिसतलो. रंगय फाटल्यात, आदींच सांगतां." बाजूने काळोख, रंग एकमेकांपासून सुटलेले; तरी घेतला.

२३ नोव्हें.
टेम्पोने आला. दारातून जाईना. सुताराकडून चौकट काढवली.

२४ नोव्हें.
लावला. कॅसेट चालवली तर एक वीणा तांबडी, एक हिरवी, एक निळी, बोटभर अंतराने.
"इतकी माणसा खंयसून इली?" सुमती.
बंद केला.

२८ नोव्हें.
मेकॅनिकने आतली भिंगे पुसली, रंग जुळवले. दुपारी खिडक्यांना चादरी लावून बसलो. सुमती हातभर अंतरावर. हळदीला म्हणाली, "पिवळा कायतरी हलता. ता वीणा?" हो म्हटले.
मग पाठवणी. जावयाने तिचे मनगट धरलेले. लहान पडद्यावर नुसता हात धरलासा वाटायचा. इथे बोटे रुतलेली दिसली. तिने सोडवून घ्यायला पाहिले, त्याने हात पिरगळला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी शेजारीच, पाहुण्यांशी हसतोय.
"हसता मा माजा चेडू?" सुमतीने लेकीबद्दल विचारले.
"हसता."

२९ नोव्हें.
वीणा लग्नाआधी म्हणाली होती, "बाबा, माका तो माणूस बरो वाटणा नाय." मी म्हटले, नोकरीवाला आहे, वाटेल हळूहळू.
विहिरीवर वीणाचा पाय घसरला, आत पडून गेली, असे सासरचे म्हणाले. मी चारचौघांत तेच सांगत आलो. पोलिसांनाही तेच लिहून दिले. सही माझी. मास्तरची, म्हणून कोणी पुढे विचारलेही नाही.

१ डिसें.
सकाळपासून सुमतीचे एकच, परत लावा. लावला. पाठवणी आली तशी मी खाली बघत बसलो. बाजा चालू होता. एकदम तिने माझा गुडघा धरला.
"थांबवा. मागे घेवा. बांगडी फुटली, आयकलात?"
मागे घेतले. फुटते. बाजाच्या आवाजात इतके दिवस मला ऐकू आले नव्हते.
"कोणी फोडल्यान?"
पाणी आणतो म्हणून आत आलो. स्वयंपाकघरात हे लिहितोय. टीव्ही बंद केलेला नाही. ती तिथेच बसलीय आणि मला हाक मारतेय.