कातडी ताईची, हट्टही तिचाच

४ जून

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

अरे, जुळलं! रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्याही जुळल्या, माझी एक किडनी तुला चालते! डॉक्टरीणबाईंसमोर मी टाळ्याच पिटल्या. बेकरीत येऊन दिसेल त्याच्या हातात क्रीमरोल ठेवला. तुझे दाजी म्हणाले, हिला आवरा कुणीतरी. आता दिवसाआड डायालिसिसच्या खुर्चीत बसून पोरांच्या भूगोलाच्या वह्या तपासणं बंद! तयारीला लाग.

लोभ आहेच, त्यात आता किडनीची भर.
तुझी उतावळी ताई

११ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून उडीच मारली, आणि लगेच तुझा हात आठवला. ताई, नको गं. भट्टीच्या ट्रेचा एवढासा चटका बसला होता तुला. त्याचा हातभर पसरलेला जाड वळ झाला. डॉक्टर केलॉइड म्हणाले, कापून काढला, तर दुप्पट होऊन परत आला. खाज सुटली की तू हात बर्फाच्या पाण्यात बुडवून रडायचीस, मी पाहिलंय. जखम भरली की थांबायचं असतं, हे तुझ्या कातडीला कळतच नाही. पोटावर सुरी फिरली तर? मी रांगेत थांबतो, मिळेल कुणाची तरी.

रागव, पण माया कमी करू नकोस.
तुझा धाकटा

१५ जून

शहाण्या, आशीर्वाद नंतर, आधी कान पकड!

मी काय डोळे मिटून निघाले होय? वळाचं मीच आधी विचारलं. बाई म्हणाल्या, बहुतेक येईलच. पण दुर्बिणीने करू, छेद लहान ठेवू, नंतर दर महिन्याला वळात इंजेक्शनं देऊ. खाज सुटली की मी शिव्या घालीन, तुझ्याच नावाने घालीन. पण त्या ऐकायला तू हवास ना रे? पायांची सूज, जिना चढताना लागणारी धाप, तुझ्या बायकोने सगळं कळवलंय. मला भीती वाटते रे. दोन जुलैची तारीख घेतलीय. मुकाट्याने ये.

जीव आहे तुझ्यावर, म्हणून ओरडते.
ताई

५ जुलै, वरचा मजला

ती. ताईस, झोपूनच नमस्कार.

नर्सबाईंच्या हाती चिठ्ठी देतोय. ताई, लघवी होतेय! ऑपरेशनच्या टेबलावरच सुरू झाली म्हणे. पिशवी भरली की अख्खा वॉर्ड बघायला येतो, मी नवरदेवासारखा मिरवतोय. इतके दिवस पाणी मोजून मिळायचं, काल पोटभर प्यायलो. पिता पिता रडलो.

तुला दुखतंय का? खरं सांग. आणि इंजेक्शनांना दाजींना न्यायचं नाही, मी येणार. सोमवार, बुधवार, शुक्रवार, कुठलाही वार सांग. तिन्ही मोकळे आहेत आता.

तुझा धाकटा