सहा गाड्या, एक काच आणि शिळा निरोप

तीर्थरूप मामीस साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा बरा असेल, आणि नसला तरी तू कोणाला सांगितलं नसशील. पत्र अशासाठी की तू फोन उचलत नाहीस आणि मामांचा मोबाइल दुकानाच्या गल्ल्यात कुलपात असतो.

मागच्या पत्रात मी रडगाणं गायलं होतं. आमच्या काचेच्या कारखान्यात सहा बिनचालकाच्या गाड्या मिळून एक भलीमोठी काच आडवी वाहून नेतात. 'मी इथे आहे' असा निरोप त्या एकमेकींना सतत धाडतात, पण तो पोचेपर्यंत धाडणारी पुढे गेलेली असते. मग मागची शिळ्या बातमीवर धावते, पुढची दचकून थबकते आणि मधल्यामध्ये काच थरथरते. मी म्हटलं, गाड्यांना जरा चपळ करू. (तुझ्या भाच्याचं शहाणपण!) त्या चपळाईने चुकू लागल्या. काच फुटली. दुसरीही फुटली. तेव्हाच तुला लिहिलं, की नोकरी सोडून मामांच्या दुकानात बसतो.

मग आमच्या मुख्य बाई आल्या. ओरडल्या नाहीत (त्याचीच जास्त भीती वाटते). म्हणाल्या, "निरोप उशिरा येणारच. तो किती शिळा आहे, ते बघायला शिकवा त्यांना."

आता प्रत्येक निरोपावर वेळ असते. ती बघून गाडी अंदाज बांधते, की शेजारीण एव्हाना कुठे पोचली असेल, आणि बेताबेताने सरकते. मामी, परवा त्या काच घेऊन वळणावरून गेल्या. कोणी पुढारी नाही, कोणाला सगळं दिसत नाही, प्रत्येकीला ठाऊक ते थोडं जुनंच, आणि तरी काचेतलं छपराचं प्रतिबिंब जरासुद्धा थरथरलं नाही. आपल्या घरात चौघांना एक कपाट जिन्यावरून धड उतरवता येत नाही, आणि तेही सगळे एकमेकांच्या कानात ओरडत असताना. जेवणाची सुट्टी संपली तरी मी बघत उभाच होतो.

बाईंनी मला कायम केलं. नोकरी सोडत नाही.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क. : खरं पत्र यासाठीच. मागचं वाचून मामा टेम्पो घेऊन मला न्यायला निघत असतील, तर त्यांना अडव.

आणखी ता. क. : राहू दे. मामा आले. टेम्पो रिकामा, चेहरा भरलेला. म्हटलं, रागवा, पण आधी गाड्या बघा.

शेवटचा ता. क. : मामा अजून कारखान्यातच आहेत. "आणखी एकदा वळू दे," म्हणतात. "मी इथेच राहतो, दुकान तिलाच बघू दे," असा त्यांचा तुला निरोप आहे. पण हे पोचेपर्यंत ते टेम्पोसकट तुझ्या दारात उभे असतील, तेव्हा लगेच भांडायला बसू नकोस. पाकिटावर तारीख घातली आहे, ती बघून अंदाज बांध.