चिंचझरीचा भूगोल

मु. चिंचझरी, ता. वरूड
५ मे २००५

चि. सौ. कौशल्याबाईस, शालिकरामदादाचा आशीर्वाद. जावईबुवांचे गुडघे कसे आहेत? इकडे सर्व ठीक (असं लिहायची रीत आहे; पुढे वाचशीलच).

तुझ्या नातीला, स्वरालीला, सुट्टीच्या अभ्यासात आजीच्या माहेरचा भूगोल-इतिहास लिहायचा आहे म्हणालीस. तर भूगोल असा. उत्तरेला सातपुडा, तो अजून जागेवर आहे. दक्षिणेला डांबरी सडक, तिच्यावरून गाव हळूहळू निघून चाललं आहे. चिंचा आणि झरा म्हणून चिंचझरी; पैकी चिंचा आहेत. इतिहास त्याहून लहान. संत्रा आला, आपण विहिरी खोदल्या. पाणी खाली गेलं, आपणही त्याच्यामागे खाली गेलो. शेवटी विहिरीच्या पोटात चहूकडून आडवी बोरं मारली, लांबलांब भोकं पाडली, तरी झाडं वाळलीच. तू लावलेलं कलम परवा वरूडच्या भट्टीत गेलं. हल्ली गाड्या भरून साहेब लोक येतात, आमची दुःखं लिहून घेतात, बाटलीतलं पाणी पितात आणि बाटल्या टाकून जातात (बाटल्या चांगल्या असतात).

आता ताजा इतिहास. माझ्या सूर्यभानला पाहायला मोर्शीकडचे पाहुणे आले. मुलीकडचे आजकाल आधी विहिरीत डोकावतात, मग मुलाकडे पाहतात. म्हणून गावाने एकमताने आपले पाण्याचे हंडे-गुंड रिकामे ठेवले आणि पिण्याच्या पाण्याचा अख्खा टँकर माझ्या विहिरीत ओतला. पाहुण्यांनी डोकावून पाहिलं, खूश झाले. पोहे झाले, चहा झाला. मुलीचा मामा हात धुवायला विहिरीवर गेला, बादली सोडली, तर खाली दगडावर खणकन आवाज. पाणी आत यावं म्हणून मारलेल्या बोरांतूनच सगळं बाहेर निघून गेलं होतं. एवढं शहाणं गाव, एकालाही हे सुचलं नाही (मला तर नाहीच).

मामा शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमची विहीर त आमच्यापेक्षा जास्त तहानली होती." शेजारची तानुबाई रिकामा गुंड कमरेवर घेऊन उभीच होती. म्हणाली, "पोराचं लगन बी गेलं, अन माह्या डाळीचं पाणी बी गेलं." पण दुसऱ्या दिवशी तिनेच आमच्याकडे ताक पाठवलं. असं गाव सोडून कोण जाईल, असं सूर्यभान म्हणतो. मीही त्याला हेच शिकवलं आहे.

तुझा,
शालिकरामदादा

ता.क. : विहिरीत पाणी आहे असंच स्वरालीला लिहू दे. मास्तर काही बादली सोडून पाहणार नाहीत.

आणखी ता.क. : मोर्शीहून निरोप आला. मुलीला सूर्यभान पसंत आहे, गाव नाही. अकोल्यात तुझ्या जवळपास एखादी खोली आणि त्याच्याजोगतं काम पाहून ठेव. नळ स्वतः फिरवून पाहा. मी लिहिलं हे त्याला सांगू नको. आत्याने बोलावलं तर तो येईल. बापाने जा म्हटलं तर जाणार नाही.