सांतियागोच्या चौकातली हजेरी

प्रिय करिष्माचे बाबा,

जय भीम. हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, तरी लिहिते आहे. ठेका मजुरांच्या मोर्च्याला गेलात ते परत आला नाहीत, तेव्हा करिष्मा पाळण्यात होती. आता तिलाच मुलगी झाली. जावई चिली देशात नोकरीला, म्हणून बाळंतपणाला मी तिकडे सांतियागोला जाऊन आले. हसू नका. जुनवानीहून दुर्गला जाताना भांबावणारी बाई विमानात बसली, आणि तिकडच्या विमानतळावर एका पोरीने माझी जवसाची चटणी हुंगून हुंगून पाहिली.

सव्वा महिना झाल्यावर करिष्मा मला चौकात मोर्चा पाहायला घेऊन गेली. मी आधी नाहीच म्हटलं. पण तिथे लाठ्या नव्हत्या, धावपळ नव्हती. माझ्याहून म्हाताऱ्या बाया होत्या, छातीवर पिनेने फोटो अडकवलेले. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, जुन्या लष्करी राजवटीत उचलून नेलेला. फोटोतले सगळे तरुणच राहिलेले. एक बाई तर स्वतःच्याच नवऱ्याची आजी दिसत होती. माझेही केस पिकले आहेत हो. एकजण माइकवर नाव घ्यायची आणि सारा चौक एका आवाजात ओरडायचा. मी विचारलं, तर करिष्मा म्हणाली, "आई, थे सगळे 'हजर' म्हणून राहिले."

हजेरीनेच तर आपला घात केला. त्या दिवशी तुमचा दिवसाचा रोज बुडू नये म्हणून तुमच्यासोबतच्या नागसेनने कारखान्याच्या गेटवर तुमच्या नावाला 'हाजिर' म्हटलं. त्यात नवल काय, तुम्हीही त्याच्यासाठी कितीदा म्हटलंत. मजुरांच्या गँगमध्ये ती दोस्तीच होती. पण मी ठाण्यात गेले तर साहेब म्हणाला, "आदमी तो ड्यूटी पे हाजिर था, मोर्चे में कहाँ से गया? औरत छोड़ के भाग गया होगा." तेव्हापासून मी टाकलेली बाई. नागसेन घाबरला. खोटी हजेरी कबूल केली तर काम जाईल, लेकरं लहान. दर भीमजयंतीला दारात यायचा, करिष्माच्या हातावर खाऊ ठेवायचा आणि खाली मान घालून निघून जायचा. मला त्याचा राग यायचा, कीवही यायची.

तर करिष्माने त्या बायांना आपली गोष्ट सांगितली आणि एकीने माइक माझ्यापुढे धरला. तुमचं नाव मी उभ्या जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं. तिथे घेतलं. चंपत. त्या परक्या माणसांनी जीव तोडून 'हजर' म्हटलं. किती मायेने म्हटलं! पण मला नागसेनचाच आवाज ऐकू आला. मी किंचाळले, "नाही! हजर नाही थे! कुठं नेलं त्यायले?" भाषा कुणालाच कळली नाही, पण एका म्हातारीने माझा हात धरला तो घरी निघेपर्यंत सोडला नाही.

तेव्हापासून झोपेत तोच चौक दिसतो. नावं चाललेली असतात आणि मागच्या रांगेत तुम्ही उभे असता, त्याच निळ्या शर्टात. तुमचं नाव येतं, तुम्ही तोंड उघडता, तेवढ्यात दुसरंच कुणीतरी ओ देतं. मी तुमच्याकडे धावते आणि जागी होते.

परत आल्यावर मी बोरसीला नागसेनच्या घरी गेले. त्याला आता दम लागतो. लेकरं कमावती झाली. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "वहिनी, मले माहीत हाये तू कावून आली." आणि लहान पोरासारखा रडला. मग वकील गाठून कोर्टात अर्ज टाकला. उद्या तो माझ्यासोबत कोर्टात येतो आहे, गेटवरचा तो आवाज त्याचा होता हे शपथेवर सांगायला. वकील म्हणतो, एवढ्याने माणूस सापडत नाही, पण तुम्ही त्या दिवशी मोर्च्यात होता हे तरी मानावं लागेल. मग कुठे नेलं, हे विचारता येईल. उद्या मलाही उभं करतील. मी तुमचं नाव घेईन आणि गैरहजर म्हणेन. एवढी वर्षं तुमची चप्पल दाराशी ठेवून घरात तुम्हाला हजरच धरलं, म्हणून आधी तुम्हाला कळवते आहे. रागावू नका. उद्यापासून तुमच्या नावाला दुसरं कुणी ओ देणार नाही. कुठेही असा, आता तुम्हीच द्या.

तुमचीच,
पंचफुला