तिचं बरं चाललंय

धाकटे,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही, तरी लिहितेय.

आम्ही गल्लीतल्या बायकांनी अडल्यानडल्या घरांसाठी एकत्र स्वयंपाक सुरू केला, तेव्हा डबा कुणाकडे पाठवायचा हे आम्हीच बसून ठरवायचो. पहिल्याच बैठकीत शिंपीणकाकूंनी तुझं नाव घेतलं. "नवऱ्याचं काम सुटलंय. पोरी अर्धपोटी झोपतात."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सख्ख्या बहिणीची ही दशा चारचौघींत कबूल करायला माझी जीभ रेटेना. मी म्हटलं, "छे, तिचं बरं चाललंय. आणि मी आहे ना!"

पण मी आलेच नाही गं. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. महिन्याभरात तू खोली सोडून गेलीस.

परवा तुझी शेजारीण भेटली. म्हणाली, तू एकदा पातेलं घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होतीस. आत मी डबे भरत होते. मला बघून तू तशीच मागे फिरलीस. तिनं कारण विचारलं, तर म्हणालीस, "नको. लोकांसमोर ताईला कमीपणा येईल."

जिथे असशील तिथे पोरी पोटभर जेवोत.

तुझी ताई म्हणवायला लाजणारी,
मी