भास्करच्याच पाळीत

५ नोव्हें. १९७३, सोम.
ऑटोमॅटिक वेल्डिंग मशीन आज पुन्हा पुन्हा बंद. दर वेळी मशीनवर वेल्डर भास्कर. मशीनची गाडी रुळावरून मजेत सरकत असते, तार आपली आपण वितळत असते, आणि टाकीची शिवण संपत आली की ठप्प. तिथे खड्डा. घासा, परत भरा. मी स्विच साफ केले, फ्यूज पाहिले, केबल तपासली, रिले बदलला. चालू झालं. का बंद पडलं होतं? देव जाणे. मेंटेनन्सवाल्याने असं म्हणू नये, पण इथे कोण वाचतंय.

६ नोव्हें., मंगळ.
साहेबांनी बोलावलं. "सावंत, दुसऱ्या पाळीत बंद पडत नाही. मशीन सोड, माणूस बघ. शनिवारपर्यंत कळव, नाहीतर त्याला घासकामाला टाकतो."
माणूस मी बघितलाय. मनोरीचा कोळी. पहिल्या होडीने खाडी ओलांडून बोरीवलीला वेळेवर हजर. गणपतीत आमच्याकडे आरतीला आला, तेव्हापासून नलूही बघतेय. माझ्या बहिणीने मनात ठरवून टाकलंय. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, अजून नाही.

८ नोव्हें., गुरु.
कंपनीतली बातमी चाळीत पोचली. अण्णा जेवताना म्हणाले, "दुसऱ्यांच्या हातात चलता, ह्येच्याच हातात कित्या बंद पडता?"
नलूने भाकरी अशी थापली की शेजारी ऐकू गेलं असणार. मागाहून मोरीपाशी मला हळूच,
"दादा, त्याचं काही चुकत नाही ना?"
"नाही गं."
"बघितलंस, की उगाच म्हणतोस?"
 बघितलं नव्हतं.

९ नोव्हें., शुक्र.
दिवसभर भा.च्या शेजारी उभा. शिवण अशी सरळ, की बघत राहावं. मशीन एकदाही थांबलं नाही. "तू आलास की लाजतं रे ते," भा. म्हणाला. डब्यातलं सुकट अर्धं मला वाढलं. मग डबा बाजूला सारला. "घासकाम तर घासकाम, यार. पण अण्णांना काय सांगायचं?"
 आज फक्त छोट्या टाक्या होत्या, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

१० नोव्हें., शनि.
सकाळीच लांब टाकी चढली. भा.ला म्हटलं, "हो बाजूला, मी चालवतो." बटण दाबलं. गाडी पार टोकाला गेली आणि ठप्प.
माझ्या हातात! मी आनंदाने ओरडलोच. सगळं वर्कशॉप वळून बघतंय, बंद मशीनपुढे मेंटेनन्सवाला नाचतोय. भा.ने तेलकट हातांनी मिठी मारली. शर्टाची वाट लागली.
मग उलगडलं. लांब टाक्या भा.लाच देतात, कारण त्याच्यासारखी शिवण कोणाची येत नाही. दुसऱ्या पाळीत सगळ्या छोट्या. गाडी टोकाला गेली की केबल ताणली जाते. केबल मी सोमवारीच तपासली होती, पण सैल पडलेली असताना. आज टेस्ट लॅम्प लावून ओढली, तर दिवा विझला. सोडली, लागला. वरून रबर नवंकोरं, आत एक तार तुटलेली.
साहेबांना करून दाखवलं. "हं. नवी केबल टाका." भा.बद्दल अवाक्षर नाही. पण घासकामाचंही नाही.

१४ नोव्हें., बुध.
नवी केबल. लांब टाक्या दिवसभर झकास. घरी अण्णांना सगळं समजावून सांगितलं, हाताने गाडी सरकवून वगैरे. त्यांनी पेपर खाली ठेवला.
"केबल बदललंस, बरा केलंस. जात कशी बदलतलंस?"
 

२१ नोव्हें., बुध.
आज परत थांबलं. टोकाला नाही, मध्येच. कारण सापडलं नाही, आपोआप चालूही झालं.  भा. हसत आला, "माझ्या हातात नव्हतं हं! मी चहाला गेलो होतो."
रविवारी सगळ्यांना मनोरीला जेवायला बोलावलंय त्याने. अण्णा नको म्हणतील वाटलं होतं. पण म्हणाले, "मासे खावक येतंय. सोयरीक करूक नाय."

२५ नोव्हें., रवि.
मनोरी. भा.च्या आईने भरल्या पापलेटांचं ताट अण्णांपुढे ठेवलं आणि समोरच बसून राहिली, पाहुणा काय टाकतो ते बघायला. काही टाकलं नाही त्यांनी. नंतर अंगणात भा.चे वडील जाळं विणत होते, तिथे अण्णा जाऊन उकिडवे बसले. दोघं बराच वेळ बोलत होते. मी जवळ गेलो की थांबायचे.
  घरी आल्यावर अण्णांनी पाय धुतले, आडवे झाले, आणि नलूला म्हणाले,
"होडीत भियतंस काय गो?"
"नाय," नलू म्हणाली.
जाता-येता दोन्ही वेळा माझी बाही घट्ट धरून तिने डोळे मिटून घेतले होते. अण्णा समोरच बसले होते, त्यांनी पाहिलं असणारच. "होतली सवय," म्हणाले. कुशीवर वळले.